बरा न होणारा आजार आणि पाळणाऱ्याचा धर्म

कुत्र्या-मांजरांना होणारा मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार मुळापासून बरा होत नाही. मूत्रपिंडात रक्त गाळणारे जे सूक्ष्म घटक एकदा निकामी होतात, ते पुन्हा घडत नाहीत. उरलेल्यांवर भार वाढतो आणि हळूहळू तेही झिजतात. आजार वेळेत ओळखला तर ही झीज मंदावते आणि पुष्कळ जनावरे काही महिने, कधी काही वर्षे सुखाने जगतात. वैद्यकाच्या अंगाने विषय एवढ्यात मांडता येतो. धर्मविचाराच्या अंगाने तो इथून सुरू होतो. जो जीव बरा होणार नाही, ज्याला दुखणे सांगता येत नाही, उपचाराला हो किंवा नाही म्हणता येत नाही आणि ज्याचे अन्नपाणी सर्वस्वी दुसऱ्याच्या हाती आहे, त्याच्याबाबत पाळणाऱ्याचे कर्तव्य कोणते? औषध किती दिवस द्यायचे आणि कशासाठी? हाल थांबवण्यासाठी त्याचे आयुष्य संपवणे ही दया की हिंसा? भारतीय परंपरेने या प्रश्नांना एकच उत्तर दिलेले नाही. तरी तिच्या निरनिराळ्या उत्तरांतून एक सूत्र हाती लागते. दयेला ज्ञानाची जोड लागते, आणि निर्णय पाळणाऱ्याच्या सोयीवरून किंवा त्याच्या दुःखावरून न घेता त्या जिवाच्या अवस्थेवरून घ्यावा लागतो.

खाऱ्या पाण्याचा मुलूख

बुलढाणा जिल्ह्याला हा विषय परका नाही. नांदुरा तालुक्यातले वडनेर भोलजी हे राष्ट्रीय महामार्गावर नांदुरा आणि मलकापूर यांच्या दरम्यान वसलेले मोठे गाव. या भागाच्या उत्तरेकडून पूर्णा वाहते, आणि तिच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. तिथले भूगर्भातले पाणीच खारे. विहीर खोल केली किंवा बोअर घेतली म्हणून ते गोड होत नाही. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या तालुक्यांत माणसांचे मूत्रपिंडविकार ही वर्षानुवर्षांची काळजी आहे. क्रिएटिनिन, डायलिसिस हे शब्द इथल्या घरांनी पुस्तकातून उचलले नाहीत, ते घरच्या आजाऱ्याच्या उशाशी शिकले.

त्याच घरांच्या अंगणात कुत्रे असते, धान्याच्या खोलीत उंदरांसाठी मांजर ठेवलेले असते. शेतावर मुक्कामाला असलेल्या माणसाबरोबर रात्र जागणारे कुत्रे तर कुटुंबातलेच एक असते. या जनावरांनाही तेच अवयव आहेत आणि त्या अवयवांना तीच झीज आहे. फरक एवढाच की माणसाला डॉक्टर विचारू शकतो, "काय होतंय?" जनावराच्या बाबतीत हा प्रश्न पाळणाऱ्याने स्वतःला विचारायचा असतो आणि उत्तर निरीक्षणातून शोधायचे असते.

आजार कसा लपतो

मूत्रपिंडाची राखीव ताकद मोठी आहे. त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग निकामी होईपर्यंत लघवी घट्ट करण्याची क्षमता टिकून राहते. सुमारे तीन चतुर्थांश भाग गेल्यावर रक्तातले क्रिएटिनिन हे टाकाऊ द्रव्य ठळकपणे वाढू लागते. त्यामुळे जनावर पहिल्यांदा आजारी दिसते तेव्हा आजार जुना झालेला असतो. त्यात अशक्तपणा लपवणे ही प्राण्यांची उपजत रीत. मांजर तर शेवटपर्यंत लपवते. म्हाताऱ्या मांजरांत हा विकार कुत्र्यांपेक्षा बराच अधिक आढळतो आणि वयाची दहा वर्षे उलटली की त्याची शक्यता झपाट्याने वाढते.

पहिली खूण बहुधा तहानेची असते. मूत्रपिंड पाणी राखू शकत नाही, लघवी पातळ आणि जास्त होते, आणि ती तूट भरून काढण्यासाठी जनावर पुन्हा पुन्हा पाण्याकडे जाते. किलोमागे दिवसाला १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी पिणारे कुत्रे तपासायलाच हवे. मांजराच्या बाबतीत हा आकडा सुमारे निम्मा धरला जातो. त्यानंतर वजन उतरते, केस रुक्ष होतात, अन्नावरची वासना कमी होते, उलट्या होतात, तोंडाला विशिष्ट दुर्गंधी येते, जिभेवर किंवा गालाच्या आत फोड दिसतात, हिरड्या पांढुरक्या पडतात. रक्तदाब फार वाढला तर दृष्टी अचानक जाते आणि जनावर भिंतींवर आपटू लागते.

निदान रक्त, लघवी आणि रक्तदाब या तिन्हींच्या तपासणीवर उभे असते. जगभरातले पशुवैद्य आंतरराष्ट्रीय मूत्रपिंड अभ्यास संस्थेने ठरवलेले चार टप्पे वापरतात. कुत्र्याचे क्रिएटिनिन डेसिलिटरला १.४ मिलिग्रॅमपेक्षा कमी असले तरी इतर पुरावा असल्यास पहिला टप्पा मानतात. १.४ ते २.८ हा दुसरा, २.९ ते ५ हा तिसरा आणि ५ च्या वर चौथा. मांजरात दुसरा टप्पा १.६ पासून धरतात, पुढचे आकडे तेच राहतात. त्याशिवाय लघवीतून प्रथिन किती जाते आणि रक्तदाब किती आहे यावरून प्रत्येक टप्प्याचे पोटभाग पाडले जातात. एकाच तपासणीवर टप्पा ठरवत नाहीत. जनावराला पुरेसे पाणी मिळालेले असताना, स्थिर अवस्थेत, पुन्हा तपासून ठरवतात. गावच्या गुरांच्या दवाखान्यात रक्त-लघवीचा नमुना घेऊन जवळच्या प्रयोगशाळेत पाठवता येतो. अधिक गुंतागुंत असेल तर अकोल्याला पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्था आहे.

ओळखणे हे पहिले कर्तव्य

धर्मग्रंथांत दयेचे वर्णन बहुधा दान देण्याच्या किंवा वाचवण्याच्या कृतीतून येते. लीळाचरित्रात शिकाऱ्यांपासून पळालेल्या सशाला श्रीचक्रधरांनी आसरा दिल्याची लीळा आहे. त्या कथेतला धोका डोळ्यांना दिसणारा आहे. ससा धावतो आहे, मागे कुत्री आहेत. मूत्रपिंडाच्या आजारात धोका दिसत नाही आणि मागे कोणी लागलेले नसते. म्हणून इथे दयेचे पहिले रूप लक्ष ठेवणे हे आहे. भांड्यातले पाणी किती उतरले, जनावराने किती खाल्ले, गेल्या महिन्यापेक्षा बरगड्या जास्त हाताला लागतात का, या साध्या गोष्टी रोज पाहणारा माणूस आजार महिनोन् महिने आधी ओळखतो. ही दक्षता अहिंसेचाच भाग आहे. निष्काळजीपणामुळे होणारे हाल आणि हेतुपूर्वक दिलेले हाल यांत हेतूचा फरक असतो, पण सोसणाऱ्या शरीराला तो फरक जाणवत नाही.

कायद्यानेही हे कर्तव्य मानले आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे ३ रे कलम जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर त्याच्या कल्याणासाठी वाजवी उपाय करण्याची आणि अनावश्यक वेदना टाळण्याची जबाबदारी टाकते. २०१४ साली नागराज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वाचताना भूक-तहान, भीती, अस्वस्थता, वेदना-आजार यांपासून मुक्ती आणि स्वाभाविक वर्तनाची मोकळीक अशी पाच स्वातंत्र्ये मान्य केली. सजीवांबद्दल अनुकंपा बाळगणे हे संविधानाच्या ५१-अ कलमाने नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले आहे.

तहान

या आजारात सर्वांत जास्त होणारी आणि सर्वांत सहज टळणारी चूक पाण्याशी जोडलेली आहे. जनावर घरात वारंवार लघवी करू लागते, घरच्यांना त्रास होतो आणि कोणीतरी पाण्याचे भांडे उचलून ठेवते. माणसाच्या मूत्रपिंडविकारात काही वेळा डॉक्टर पाण्यावर मर्यादा घालतात. ते घरात ऐकलेले असते, म्हणून हा उपाय शहाणपणाचाही वाटतो. कुत्र्या-मांजरांच्या दीर्घकालीन विकारात तो घातक आहे. हे जनावर जास्त पिते कारण शरीरातले पाणी निघून चालले आहे. पाणी काढून घेतले की रक्त आटते, उरल्यासुरल्या मूत्रपिंडाला होणारा रक्तपुरवठा घटतो आणि काही दिवसांची झीज काही तासांत होते.

एकनाथांची कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. रामेश्वराला वाहण्यासाठी आणलेले गंगेचे पाणी त्यांनी वाटेत तहानेने तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखात घातले. या कथेचा अर्थ बहुधा सर्वांभूती ईश्वर एवढाच काढला जातो. तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. एकनाथांनी त्या गाढवाची अवस्था पाहिली आणि त्याला त्या क्षणी ज्याची गरज होती तेच दिले. अभिषेकाचे पुण्य स्वतःसाठी राखण्याचा विचार त्या निर्णयात आला नाही. आजारी जनावराच्या बाबतीत हेच माप लागू होते. स्वच्छ, गोडे पाणी दिवसरात्र, दोन-तीन ठिकाणी ठेवणे ही या आजारातली पहिली सेवा आहे. खारपाणपट्ट्यात ती अधिक जाणीवपूर्वक करावी लागते. माणसांसाठी साठवलेल्या गोड्या पाण्यातला वाटा आजारी जनावरालाही द्यावा, कारण रक्तदाब वाढलेल्या जिवाला जादा मीठ सोसत नाही.

अजाण दया

दुखणाऱ्या जनावराला घरातली गोळी देणे ही प्रेमाची कृती असते आणि ती त्याचा जीव घेऊ शकते. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारायला पुरेशी असते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी वेदनाशामके मूत्रपिंडाचा रक्तप्रवाह कमी करतात. आधीच झिजलेल्या मूत्रपिंडाला हा घाव सहन होत नाही. जेंटामायसिनसारखी प्रतिजैविके मूत्रपिंडाला थेट इजा करतात. लंगडणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला औषध हवे असेल तर ते मूत्रपिंडाची तपासणी झाल्यावर, पशुवैद्याच्या सांगण्यानेच द्यावे.

अजाण दयेचे सर्वांत मोठे उदाहरण भारतीय उपखंडात घडले आहे आणि तेही मूत्रपिंडाचेच आहे. कामाला जुंपलेल्या, लंगडणाऱ्या, कास सुजलेल्या गुरांच्या वेदना कमी व्हाव्यात म्हणून त्यांना डायक्लोफेनॅक दिले जाऊ लागले. ती गुरे मेल्यावर त्यांचे मांस गिधाडांनी खाल्ले. त्या औषधाने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली, युरिक आम्लाचे पांढरे थर त्यांच्या अवयवांवर साचले आणि एकेकाळी आकाशात थव्याने दिसणाऱ्या तीन जाती काही वर्षांत नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्या. कारण २००४ साली सिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारताने गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या उत्पादनावर बंदी घातली. या घटनेत कोणाचाही हेतू वाईट नव्हता. बैलाची वेदना कमी करावी ही इच्छा धर्माचीच होती. कर्माचे मोल हेतूवरून ठरते असे मानणाऱ्या परंपरेलाही इथे थांबावे लागते, कारण बौद्ध विचारातही चेतनेबरोबर, म्हणजे हेतूबरोबर, प्रज्ञेची मागणी आहे. करुणा असणे पुरेसे नाही, ज्या जिवावर ती करायची त्याच्या शरीराचे ज्ञान मिळवणे हा करुणेचाच भाग आहे.

सांभाळ

सांभाळाचा हेतू आधी स्पष्ट असावा. हा आजार हरवायचा नसतो. जनावराचे खाणे, पिणे, झोप, वावर आणि माणसांशी असलेले त्याचे नाते जितके दिवस सुखाचे ठेवता येईल तितके ठेवायचे असते. या हेतूने केलेले प्रयत्न चार दिशांनी जातात.

पहिली दिशा अन्नाची. मूत्रपिंड फॉस्फरस बाहेर टाकू शकत नाही आणि तो साचला की झीज वेगाने होते. म्हणून फॉस्फरस आणि मीठ कमी, प्रथिन मोजके पण उत्तम प्रतीचे असा आहार दुसऱ्या टप्प्यापासूनच सुचवला जातो. रक्तातला फॉस्फरस दुसऱ्या टप्प्यात ४.६ मिलिग्रॅमच्या, तिसऱ्यात ५ च्या आणि चौथ्यात ६ च्या आत ठेवण्याचा प्रयत्न असतो. केवळ आहाराने तो उतरला नाही तर अन्नात मिसळून फॉस्फरस बांधून ठेवणारी औषधे देतात. बदल हळूहळू करावा. उपाशी राहिलेल्या जनावराला योग्य आहाराचा आग्रह धरण्यापेक्षा त्याने काहीतरी खाणे महत्त्वाचे, हे पशुवैद्यकातले सर्वमान्य मत आहे.

दुसरी दिशा औषधांची. लघवीतून जाणारे प्रथिन कमी करण्यासाठी टेल्मिसार्टन किंवा बेनाझेप्रिल, रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन, मळमळीसाठी आणि भूक लागण्यासाठी स्वतंत्र औषधे, गरजेप्रमाणे पोटॅशियम. तिसरी दिशा पाण्याची. जनावर पिऊन तूट भरून काढू शकत नसेल तर कातडीखाली सलाईन देतात, आणि हे काम पशुवैद्याकडून शिकून घरीही करता येते. चौथी दिशा देखरेखीची. वजन दर आठवड्याला, रक्त-लघवी-रक्तदाब दर तीन ते सहा महिन्यांनी, आणि दात, गोचिडांचा ताप, लघवीचा संसर्ग यांच्याकडे सतत लक्ष.

अन्नाच्या दिशेत एक खरा धर्मप्रश्न आहे. मांजर निसर्गतः मांसाहारी. टॉरिन हा घटक त्याला मांसातूनच मिळतो, तो नसला तर हृदय आणि दृष्टी बिघडते. माळकरी किंवा जैन घरातले मांजर आजारी पडले तर त्याला वरण-भात आणि दूध यांवर ठेवणे म्हणजे एका हिंसेतून सुटण्यासाठी दुसरी हिंसा करणे होते. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानदेवांनी अहिंसेचे विस्तृत विवेचन केले आहे आणि त्यात एका जिवाच्या उपचारासाठी दुसऱ्या जिवांचा नाश करणाऱ्या आयुर्वेदावर परखड बोट ठेवले आहे. ती शंका टाळता येत नाही. महाभारताच्या वनपर्वातला मिथिलेचा धर्मव्याध मात्र दुसरे टोक दाखवतो. देहधारणेत हिंसा पूर्णपणे टाळणे कोणालाच साधत नाही. नांगराखाली, धान्यात, पाण्यात जीव आहेतच. या दोन्हींचा मेळ असा घालता येतो. जो मांजर पाळतो त्याने त्या मांजराला स्वभावासह स्वीकारलेले असते. मांजराला गरजेचे अन्न द्यावे आणि हिंसा गरजेपलीकडे नेऊ नये. ज्याच्या व्रतात हे बसत नसेल त्याने मांजर न पाळणे हा प्रामाणिक पर्याय आहे. आपले व्रत मांजराच्या आतड्यांवर लादणे हा पर्याय नाही.

उपचाराची सीमा

उपचार कुठवर न्यावा याचे उत्तर घरच्या ऐपतीशी जोडलेले आहे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. शेतकऱ्याच्या घरी आजारी आई आणि आजारी कुत्रा दोघेही असतील तर खर्चाचा क्रम उघड आहे. धर्माची मागणी शक्तीच्या मर्यादेतली असते. पाणी, योग्य अन्न, सावली, स्वच्छ अंथरूण, घातक औषधे टाळणे आणि वेळोवेळी तपासणी, एवढे अल्प खर्चातही होते आणि त्यानेच पुष्कळ फरक पडतो.

पैसा असला तरी सीमा संपत नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकापासून मांजरांवर मूत्रपिंड प्रत्यारोपण होत आले आहे. त्यासाठी दुसऱ्या निरोगी मांजराचे एक मूत्रपिंड काढतात. त्या मांजराला अनेकदा आजारी मांजराचे मालक दत्तक घेऊन जन्मभर सांभाळतात. तरी त्याचा होकार कोणी विचारलेला नसतो. आपल्या लाडक्यासाठी दुसऱ्या मुक्या जिवाचे शरीर वापरणे हे समदृष्टीच्या तत्त्वात बसत नाही. गाय, हत्ती, कुत्रा यांच्यात एकच तत्त्व पाहणारी दृष्टी गीतेच्या पाचव्या अध्यायाने पंडिताची मानली. ती दृष्टी आपल्या मांजरात आणि परक्या मांजरातही फरक करणार नाही.

प्रारब्धाचा युक्तिवाद

जनावराचे हाल त्याच्या पूर्वकर्माचे फळ आहेत, ते भोगून संपवू द्यावेत, त्यात हात घालू नये, असा एक युक्तिवाद अजूनही ऐकू येतो. तो दोन कारणांनी टिकत नाही. एक, हाच न्याय लावला तर उपचार करणे, तहानलेल्याला पाणी देणे, खड्ड्यात पडलेले वासरू काढणे ही सगळीच ढवळाढवळ ठरेल आणि दयेला जागाच उरणार नाही. दोन, कर्मसिद्धांत सांगणाऱ्या परंपरांनीच मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या भावना चित्तशुद्धीचे साधन मानल्या आहेत. पतंजलींच्या योगसूत्रात त्या एकत्र येतात आणि त्यांतली करुणा दुःखी जिवांसाठी सांगितली आहे. दुःखी जीव समोर असणे हेच करुणेचे निमित्त आहे. त्याचे कारण शोधून निवाडा करण्याचे काम माणसावर सोपवलेले नाही.

सोडून देणे

आजारी, घाण करणाऱ्या, खर्चिक झालेल्या जनावराला महामार्गाच्या कडेला किंवा दुसऱ्या गावाच्या शिवारात सोडण्याचा प्रकार सगळीकडे घडतो. महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिराने स्वर्गाच्या दाराशी घेतलेली भूमिका नेमकी याविरुद्ध आहे. सोबत आलेल्या, आश्रित कुत्र्याला सोडून मिळणारा स्वर्ग त्याने नाकारला. दत्ताच्या पायाशी चार कुत्री दाखवणाऱ्या आणि खंडोबाबरोबर कुत्र्याला मान देणाऱ्या महाराष्ट्रात ही कथा आचरणात उतरणे अवघड वाटू नये. १९६० च्या कायद्यानेही उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडणे हा गुन्हा ठरवला आहे. मूत्रपिंडाच्या रोग्याला तर पाणी जवळ नसणे म्हणजेच मृत्यू.

ज्याला सांभाळणे खरोखर अशक्य आहे त्याच्यासाठी पांजरापोळाची जुनी व्यवस्था आहे. १८३२ साली मुंबईत कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध दंगल झाली आणि १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय व अमीचंद शाह यांच्या पुढाकाराने मुंबई पांजरापोळ उभा राहिला. आश्रयाच्या या परंपरेला पुढे वैद्यकाची जोड मिळाली. १८८६ साली परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. आसरा आणि ज्ञान एकत्र आले तेव्हाच आजारी जनावराची खरी सोय झाली.

शेवटचा निर्णय

चौथ्या टप्प्यात एक वेळ अशी येते की औषधांनी मळमळ थांबत नाही, तोंडातल्या व्रणांमुळे खाता येत नाही, उठता येत नाही, झटके येतात. इथे परंपरेतले मतभेद तीव्र होतात. जैन विचाराचा कल स्पष्ट आहे: जो जीव आपण देऊ शकत नाही तो घेण्याचा अधिकार आपल्याला नाही. शेवटपर्यंत सेवा करावी आणि मृत्यू स्वतःच्या पायांनी येऊ द्यावा. संथारा घेणारा माणूस स्वेच्छेने, जाणीवपूर्वक देह ठेवतो. जनावराला तसा संकल्प करता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने तो दुसऱ्याने करू नये, हा या भूमिकेचा भक्कम भाग आहे.

दुसरी बाजू गांधीजींनी कृतीने मांडली. १९२८ साली साबरमती आश्रमातले एक वासरू असह्य यातनेत पडले होते आणि पशुवैद्याने आशा सोडली होती. गांधीजींनी आश्रमवासीयांशी विचारविनिमय केला आणि स्वतः हजर राहून डॉक्टरकडून इंजेक्शन देववून त्याचे जीवन संपवले. 'नवजीवन'मध्ये त्यांनी हे जाहीर केल्यावर देशभर, विशेषतः गुजरातमध्ये, टीकेचा भडका उडाला. त्यांचे उत्तर असे होते की स्वार्थाने किंवा क्रोधाने घेतलेला प्राण ही हिंसा, आणि सोसणाऱ्याच्याच हितासाठी, निःस्वार्थपणे केलेली ही कृती अहिंसेच्या कक्षेत येते. शल्यवैद्याच्या शस्त्राला कोणी हिंसा म्हणत नाही. आपल्या मुलाला पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग झाला आणि उपाय नसला तर त्याच्याबाबतही आपण हेच करू, असेही त्यांनी लिहिले. त्याबरोबर त्यांनी अटी घातल्या. आजार असाध्य असावा, संबंधित सर्वांनी आशा सोडलेली असावी, कोणतीही सेवा उपयोगी पडण्यासारखी उरलेली नसावी, आणि रोग्याला स्वतःची इच्छा सांगणे अशक्य असावे.

या अटी मूत्रपिंडाच्या रोग्याला जशाच्या तशा लावता येतात, आणि त्यांतली तिसरी सर्वांत महत्त्वाची आहे. आजार असाध्य आहे हे पहिल्या टप्प्यातही खरे असते, म्हणून केवळ असाध्यता हे जीवन संपवण्याचे कारण होत नाही. पाणी, आहार, औषध यांनी जोवर सुख देता येते तोवर सेवेचे कर्तव्य कायम आहे. तसे सुख देणे शक्य उरले नाही की, पाळणाऱ्याला विरह सोसवत नाही म्हणून यातना लांबवणे हा स्वार्थाचाच एक प्रकार ठरतो. उलट, रोजची सेवा कंटाळवाणी झाली म्हणून लवकर सुटका करून घेणे हाही स्वार्थच. दोन्हींपासून वाचण्याचा साधा मार्ग म्हणजे रोजची नोंद. आज खाल्ले का, आपणहून पाणी प्यायले का, अंग चाटून स्वच्छ केले का, हाक मारल्यावर मान वळवली का. वाईट दिवस चांगल्या दिवसांहून सलग जास्त होऊ लागले आणि पशुवैद्यानेही उपाय संपल्याचे सांगितले, तर निर्णयाची वेळ आलेली असते. १९६० च्या कायद्याचे १३ वे कलम यातनेत पडलेल्या, जगवणे क्रूर ठरेल अशा जनावराचे जीवन संपवण्याची वाट ठेवते. ही कृती पशुवैद्याकडूनच व्हावी. आधी गुंगीचे औषध, मग भुलीच्या औषधाची मोठी मात्रा, म्हणजे जनावर झोपेतच जाते. ओळखीच्या माणसाचा हात तेव्हा त्याच्या अंगावर असावा.

ज्याची श्रद्धा हे मान्य करत नाही त्याच्यावर दुसरे कर्तव्य उरते. नैसर्गिक मृत्यूची वाट पाहायची असेल तर वेदना आणि मळमळ शमवणारी औषधे, ओले ओठ, कुशी बदलणे आणि सतत सोबत यांची जबाबदारी पूर्ण घ्यावी लागते. पांजरापोळाच्या कोपऱ्यात एकटे टाकून दिलेल्या मरणाला अहिंसा म्हणता येत नाही. या दोन भूमिकांमध्ये मतभेद कृतीचा आहे. सोसणाऱ्या जिवाची अवस्था हेच माप, यावर दोन्ही एकत्र येतात.

पुढच्या जिवांसाठी

एका जनावराच्या आजारातून मिळालेले ज्ञान घरातल्या आणि गावातल्या इतरांच्या उपयोगी पडावे, हाही याच धर्माचा विस्तार आहे. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस मूत्रपिंड खराब करतो. पावसाळ्यात साचलेले पाणी टाळणे आणि कुत्र्याला दर वर्षी त्याची लस देणे हा उपाय आहे. गोचिडांवर नियंत्रण, गर्भाशयात पू होण्याचा धोका टाळणारी मादीची वेळेवर नसबंदी, दातांची निगा आणि सात-आठ वर्षांनंतर वर्षातून एकदा रक्त-लघवीची तपासणी यांनी पुष्कळ आजार आधीच हाती लागतात. पर्शियन मांजरांत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक विकार असतो. हा विकार असलेल्या मांजरांची पैदास न करणे हे पैदास करणाऱ्याचे कर्तव्य आहे.

पंचमहायज्ञांतला भूतयज्ञ गृहस्थाला रोजच्या अन्नातून कुत्रा, कावळा, कीटक यांच्यासाठी वाटा काढायला सांगतो. तो वाटा दारात आलेल्या कोणत्याही जिवासाठी आहे. पाळलेल्या जनावराचे नाते त्याहून जवळचे, कारण त्याचे स्वतःचे अन्नपाणी शोधण्याचे स्वातंत्र्य माणसाने काढून घेतलेले असते. त्या बदल्यात त्याला मिळायला हवे ते असे: आजार लवकर ओळखला जाणे, अजाण औषधांपासून संरक्षण, अखंड पाणी आणि योग्य अन्न, ऐपतीप्रमाणे उपचार, कोणत्याही कारणाने सोडून न दिले जाणे, आणि शेवट आला की त्याच्या यातनेचा विचार करून घेतलेला निर्णय.